टीबीची पिशवी: रुग्णाला की चुलीला?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

क्षयरुग्णांना पोषण आहाराच्या पिशव्या वाटल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून छायाचित्रासह येतात. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल वाद नाही. पण पिशवीत काय होते, किती होते आणि ती घरी गेल्यावर किती ताटांत गेली, हे बातमीत कधीच नसते. गोळ्या जशा वजनाप्रमाणे मोजून देतात, तसाच आहारही मोजून द्यायचा असतो. तो किती द्यावा याचे आकडे आता आपल्याच देशातल्या संशोधनातून हाती आले आहेत.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘राशन्स’ नावाची चाचणी सुरू झाली. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव हे आपल्या गोव्याजवळच्या मंगळूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले संशोधक तिच्या मागे होते. चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थाही त्यात होती. फुप्फुसाचा टीबी असलेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात घेतली. रुग्णाला सगळीकडेच आहार मिळाला, सहा महिने दरमहा दहा किलोंची पिशवी. फरक ठेवला तो घरच्यांत. निम्म्या भागात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसालाही दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, उरलेल्या निम्म्या भागात दिल्या नाहीत. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे पुढच्या दोन वर्षांत घरच्यांना नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे दुसऱ्याला लागणारा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी. ऑगस्ट २०२३ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकांत आले.

हा शिधा काही मेजवानी नव्हे. दिवसाला १६७ ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम डाळ पडते. तांदळातून सुमारे ५८० आणि डाळीतून १७० असे ७५० उष्मांक, आणि दोन्ही मिळून २३ ग्रॅम प्रथिने. त्यातली जवळपास निम्मी प्रथिने एकट्या डाळीची आहेत. अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळणाऱ्या मोफत शिध्यात धान्य असते, डाळ नसते. तेव्हा रेशनकार्ड असलेल्या घरात आणखी पाच किलो तांदूळ नेऊन ठेवण्यापेक्षा चवळी, कुळीथ, मूग, शेंगदाणे आणि तेल यांनी पिशवी जड करावी. ज्यांच्याकडे इथले कार्डच नाही, त्यांचा हिशेब वेगळा. ट्रॉलरवरचे खलाशी, बांधकामावरचे मजूर, औद्योगिक वसाहतींच्या मागे एका खोलीत सहाजण राहणारे कामगार यांना तांदळासकट सगळेच लागते. आणि त्यांचे ‘घर’ म्हणजे ती खोली, हे नोंद करणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे. गावी असलेली बायकोमुले यादीत आणि खोलीत शेजारी झोपणारा सोबती यादीबाहेर, अशी नोंद निरुपयोगी.

क्षयरुग्णाला आहारासाठी पैसे देणाऱ्या केंद्राच्या निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये मिळतात. पहिले तीन हजार निदानानंतर आगाऊ, उरलेले तीन हजार उपचाराचे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. दिवसाला ३३ रुपये झाले. एका माणसाला त्यात डाळ, दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे कसेबसे बसतात. पण घरात टोप एकच असतो. आई आजारी आणि पोर समोर बसलेले असेल तर अंडे कोणाच्या पानात जाणार हे सांगायला नको. म्हणूनच शिधा चुलीप्रमाणे, म्हणजे घरातली जेवणारी माणसे मोजून द्यायला हवा. घरच्यांनाही आहार देण्याची घोषणा केंद्राने त्याच सुमारास केली आहे. ती आपल्या आरोग्य केंद्रांत माणशी किती किलोंनी उतरली, हे विचारण्याजोगे आहे. (आणखी एक नेहमीची अडचण म्हणजे आधारवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळत नाही आणि पैसे अडकतात. ते निदानाच्या दिवशीच पाहावे, तिसऱ्या महिन्यात नव्हे.)

आता वजनाबद्दल. झारखंडच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा; १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी) १६ च्याही खाली होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. बेचाळीस किलोंच्या माणसाला ५ टक्के म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. एवढा फरक काट्यावर खरा दिसायचा असेल तर काटा दर वेळी तोच हवा, चपला बाहेर, खिशातला मोबाईल आणि किल्ल्या टेबलावर. पावसाळ्यात भिजलेल्या जाड कपड्यांनी वजन घेतले तर अर्धा किलो तसाच वाढतो. पायांवर सूज असेल तर वाढलेले वजन पाण्याचे असते, त्यावर खूश होऊ नये. आणि उंची! कार्डावर वजन असते, उंचीचा रकाना कोरा. उंचीशिवाय बीएमआय निघत नाही. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला १८.५ ची रेषा ४७ किलोंच्या थोडी वर येते, १६ ची ४१ वर. गोळ्यांची संख्याही वजनावरच ठरते. २५ ते ३४ किलोंना दोन, ३५ ते ४९ ना तीन, ५० ते ६४ ना चार. ३३ किलोंचा रुग्ण ३९ वर गेला आणि कोणी पुन्हा वजनच केले नाही, तर तो कमी मात्रेवर राहतो.

बीएमआय १४ च्या खाली असेल तर घरी भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे आहे. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरते, रक्तातले घटते, आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाला इस्पितळात ठेवून थोडेथोडे वाढवत न्यावे.

झारखंडची पिशवी जशीच्या तशी गोव्यात चालणार नाही, याची दोन कारणे. पहिले, मधुमेह. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. मधुमेह्याला टीबीचा धोका दुपटी-तिपटीचा. त्याला तांदळाची गोण देऊन उपयोग नाही. त्याच्या पिशवीत भात कमी आणि कडधान्ये, अंडी जास्त हवीत. शिवाय आपल्याकडे आजाऱ्याला पेज द्यायची रीत. आजाऱ्याच्या वाट्याला बहुधा वरचे निवळ पाणी येते आणि शिते टोपाच्या तळाशी राहतात. पेज द्यायचीच तर शितांसकट घट्ट द्यावी, वर चवळीचे तोणाक (रस्सा) किंवा उकडलेले अंडे.

दुसरे कारण पिशवीबाहेरचे, आपल्या रोजच्या ताटातले: बांगडा. टीबीच्या गोळ्यांतले आयसोनियाझिड शरीरात हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य) मोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते. बांगडा, तारले, टूना या गडद मांसाच्या मासळीत, ती बर्फाविना राहिली की हिस्टामिन साचते, आणि ते शिजवून जात नाही. संध्याकाळी उतरलेल्या भावात घेतलेल्या बांगड्याचे हुमण (कालवण) जेवल्यावर तासा-दीड तासात रुग्णाचा चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते, अंगावर पित्त उठते. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९७७ मध्येच हे नोंदवले आहे. रुग्ण म्हणतो, ‘गोळी उष्ण पडली’, आणि गोळी सोडतो. खरे तर सोडायचा असतो बांगडा. धाप लागली, घेरी आली तर लगेच डॉक्टर गाठावा, बाकी वेळीही केंद्रावर सांगावे. घरच्यांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड सुरू असेल तर त्यांनाही हेच लागू. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) सुके बांगडे बाहेर निघतात, नीट न वाळवलेल्या सुक्यातही हा धोका राहतो. सुक्या सुंगटांत (कोळंबीत) तो कमी.

१९५९ मधल्या मद्रासच्या प्रसिद्ध अभ्यासात घरी राहून निकृष्ट जेवणारे रुग्णही औषधांनी सॅनेटोरियममधल्या (क्षयरुग्णालयातल्या) रुग्णांइतकेच बरे झाले होते. निष्कर्ष खरा होता. पण त्यावरून आहाराकडे पाहायचेच नाही, असा अर्थ पुढे काढला गेला. औषध जंतू मारते. अजून आजारी न पडलेल्या घरच्यांच्या पानात काय पडते, हा प्रश्न त्या अभ्यासाने सोडवला नव्हता.

प्रत्येक आरोग्य केंद्राने दोन महिन्यांवरच्या तपासणीत रुग्णाची उंची, पहिले वजन, आताचे वजन, साखर आणि घरात जेवणारी माणसे एवढे पाच आकडे एका ओळीत लिहावेत. पिशवी कोणाच्या हस्ते दिली, हा रकाना नसला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, फोंडा