शपथ घेण्यापूर्वी आई-बाबांना पत्र

अटलांटा, ५ जून २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई चिनूच्या जेवणाकडे वळते आणि बाबा नुसते "हं" म्हणतात, म्हणून शेवटी लिहायला बसले आहे. पुढच्या महिन्यात मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेणार आहे. मुलाखत आणि परीक्षा दोन्ही पार पडल्या असून शपथविधीची तारीखही आली आहे. तुमचा होकार मागण्याची वेळ मी जाऊ दिली, असे तुम्हाला वाटेल आणि ते खोटे नाही. पण बाबांनी एकदा "नको" म्हटले असते, तर मला पुढे पाऊल टाकता आले नसते, हे मला ठाऊक होते.

शपथेतले एक वाक्य तुम्हाला लागेल. ते दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेले बरे. आजवर ज्या परक्या राजाचे, सत्तेचे किंवा राज्याचे आपण प्रजाजन वा नागरिक होतो, त्याच्यावरची सगळी निष्ठा सोडून देत आहोत, असे उजवा हात वर करून म्हणावे लागते. हे वाक्य राजेशाहीच्या काळातले आहे आणि सांगलीच्या घराविषयी, तुमच्याविषयी किंवा मी ज्या भाषेत रडते-भांडते त्या भाषेविषयी त्यात काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे. तुम्हीही घालून पाहा. १९५५ च्या आपल्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वतःहून घेतले की भारताचे आपोआप जाते, त्यामुळे जुना पासपोर्ट रद्द होईल. त्यानंतर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळते ते ओसीआय कार्ड काढले की आयुष्यभर व्हिसाची गरज नाही. आईचा एक फोन आला की तिकीट काढून निघता येईल, आजच्यासारखेच. भारतात मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही, एवढा फरक पडेल. मळ्याची काळजी बाबांच्या मनात येणार, म्हणून तेही आधीच विचारून घेतले: वारशाने आलेली जमीन ठेवता येते.

आता कारण सांगते. बाबा, तुम्ही नागरिकशास्त्राच्या तासाला एकविसावे कलम शिकवताना फळ्यावर "व्यक्ती" हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढायचात, कारण जीविताचे आणि स्वातंत्र्याचे ते संरक्षण फक्त नागरिकाला नाही, प्रत्येक माणसाला आहे. अमेरिकेच्या पाचव्या आणि चौदाव्या घटनादुरुस्तीतही व्यक्तीच म्हटले आहे. कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणाही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येत नाही, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. आपली घटना तयार होत असताना घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव इथे येऊन इथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, त्यांनी या तरतुदीपासून सावध केले आणि आपल्याकडे "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" एवढेच शब्द आले. ही गोष्ट तुम्ही दरवर्षी रंगवून सांगायचात, आणि ती संपली की नानांचे नाव न घेता गप्प व्हायचात. मला तेव्हा ते कळत नव्हते.

या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या, म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले त्याच विद्यापीठातल्या, एका विद्यार्थ्याला तो राहत होता त्या इमारतीतून उचलून दूर लुइझियानाच्या कोठडीत नेले. त्याच्यावर फौजदारी गुन्हा नाही. त्याच्याकडे माझ्यासारखेच ग्रीन कार्ड आहे. त्याचे वास्तव्य देशाच्या परराष्ट्र धोरणाला बाधक असल्याचे परराष्ट्रमंत्र्यांनी १९५२ च्या कायद्यावर बोट ठेवून ठरवले, आणि आज हे लिहिते आहे तेव्हाही तो आतच आहे. त्याची मते मला पटतात की नाही, हा प्रश्नच नाही. मी कुठल्या मोर्चात जात नाही, तेव्हा घाबरू नका. पण ते वृत्त वाचल्यावर मी काही दिवस कुठल्याही पत्रकावर सही करताना थबकत होते, आणि हे थबकणेच मला सहन झाले नाही. नानांना न्यायला पोलिसांची गाडी पहाटे दाराशी आल्यावर आपल्या घरात काय झाले, ते आजीने मला सांगितले आहे. न्यायालये चालू आहेत, वकील भांडत आहेत, हा मोठाच फरक आहे. तरीही ग्रीन कार्डावर राहणे म्हणजे चांगल्या मालकाच्या घरात भाड्याने राहणे: मालक चांगला आहे तोवर काही जाणवत नाही.

बाबा, तुमचे उत्तर मला दिसते आहे. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले, त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतले. मग तुझ्या कागदाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. भगतसिंग थिंद यांचेही उदाहरण द्याल. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला हा माणूस. १९२३ मध्ये न्यायालय म्हणाले की सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हा गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्या निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचेही ते काढून घेतले गेले, आणि १९४६ पर्यंत आपल्या लोकांना ते दार बंद राहिले. हे सगळे मान्य आहे. कागद म्हणजे कवच नव्हे. पण तो नसेल तर लढायला पायाखाली जमीन आणखी कमी उरते, इतकेच माझे म्हणणे आहे. चिनूचा जन्म झाला तेव्हा मी कामाच्या व्हिसावर होते. चौदाव्या दुरुस्तीमुळे तो इथल्या मातीत पडल्या क्षणी नागरिक झाला, आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात न्यायालयाने हा अर्थ पक्का केला होता. यंदा २० जानेवारीला निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात म्हटले आहे की यापुढे तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळणार नाही. न्यायालयांनी तो थोपवला आहे आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. चिनूला त्याची झळ नाही, आई, तू उगीच रात्रभर जागू नकोस. पण ज्या घरात मुलगा नागरिक आणि आई पाहुणी, त्या घरात आईने मत द्यायला हवे, असे मला वाटू लागले.

मताचे तर मी वेगळेच सांगणार होते. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आमच्या जॉर्जिया राज्याचा निकाल ११,७७९ मतांनी लागला. आपल्या तालुक्यात याहून मोठ्या फरकाने माणसे पडतात. त्यानंतर २०२१ मध्ये इथे कायदा झाला की मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत, रांगेत ताटकळणाऱ्यांना कोणी पाणी किंवा खाऊ वाटायचा नाही. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी पिंप ठेवले आणि ज्याने त्याने घेतले तर चालते. निवडणुकीच्या दिवशी शेजारच्या आजींना, आई, ज्यांना तुझी पुरणपोळी आवडली आणि कटाची आमटी झेपली नाही त्यांना, मी गाडीने सोडायला गेले होते. त्या काठी टेकत रांगेत उभ्या आणि मी पाण्याची बाटली घेऊन गाडीत बसलेली. उतरून द्यावी की नाही, दिली तर ग्रीन कार्डवालीने कायदा मोडला असे तर होणार नाही ना, या विचारात. शेवटी त्यांनीच खूण केली, बसून राहा म्हणून.

या आजींचा जन्म अलाबामाचा. त्यांच्या वडिलांना मतदार नोंदणीसाठी घटनेतला उतारा वाचून आणि लिहून दाखवावा लागला होता, आणि पास-नापास ठरवणारा समोर बसलेला गोरा अधिकारी होता. ते शाळामास्तर होते आणि तरीही नापास झाले. माझ्या मुलाखतीत अधिकारीणबाईंनी शंभरांतले प्रश्न विचारायला सुरुवात केली, दहांपैकी सहा बरोबर हवे होते, सहा होताच त्या थांबल्या. मग एक वाक्य वाचून घेतले आणि एक लिहून घेतले: नागरिकांना मतदानाचा हक्क आहे. मी ते लिहिले, त्यांनी मान हलवली, झाले. तुम्ही आला होतात तेव्हा आपण अलाबामातल्या सेल्माला गेलो होतो ना, त्या एडमंड पेटस पुलावर बाबा इतका वेळ उभे राहिले की चिनूने भुकेने गोंधळ घातला. ७ मार्च १९६५ ला त्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे सहाशे लोकांना पोलिसांनी झोडपले, पुढे आमच्या अटलांटाचे खासदार झालेले जॉन लुईस यांचे डोके फुटले, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला. त्यातच या साक्षरता परीक्षा बंद झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच अमेरिकी संसदेने केलेल्या स्थलांतर कायद्याने देशागणिक कोटा मोडला आणि आपल्यासारख्यांना दार उघडले. त्यांनी मार खाल्ला आणि मी विमानाने आले. निदान रांगेत उभे राहण्याइतके तरी मी त्यांचे देणे लागते.

आजींनी आणखी एक सांगितले, ते आईला आवडेल. इथले ग्रेडी रुग्णालय १९५८ मध्ये बांधले तेव्हा काळ्यांचा भाग वेगळा आणि गोऱ्यांचा वेगळा होता, म्हणून लोक त्याला अनेकवचनी "ग्रेडीज" म्हणायचे. १९६६ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा सुरू झाला, आणि ज्या रुग्णालयाला त्याचा पैसा हवा त्याला १९६४ चा नागरी हक्क कायदा पाळावाच लागेल, असे सरकारने बजावले. काही महिन्यांत हजारभर रुग्णालयांतल्या भिंती गेल्या. मोर्चांनी जे हलले नाही, ते बिलाच्या पैशाने हलले.

मेडिकेअरवरून तुमच्याकडे येते. नागरिक झाले की मला तुम्हा दोघांसाठी अर्ज करता येतो. ग्रीन कार्डावर आईवडिलांसाठी तो करताच येत नव्हता, आणि या अर्जाला वर्षानुवर्षांची रांगही नाही. मी आग्रह धरणार नाही. आईला इथला हिवाळा आणि दुपारची शांतता खायला उठते, हे मी विसरलेले नाही. इथे आल्यावर पहिली पाच वर्षे मेडिकेअरचा विमा घेता येत नाही, तोवर खासगी विमा घ्यावा लागेल, त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. तुमच्यासाठी खालची खोली ठेवली आहे, जिना चढायला नको, न्हाणीघरात दांडी बसवली आहे, आणि आईला लागतो तसा कमोडचा उंच बैठकीचा प्रकारही बघून ठेवला आहे. येणार नसलात तरी खोली तशीच राहील. मी लहानपणी ताप आला की बाबांच्या शर्टाची बाही मुठीत धरून झोपायची, तशी आज तुमच्यातल्या कोणाला माझी बाही धरावीशी वाटली तर अंतर मधे येऊ नये, यासाठी ही सगळी धडपड आहे.

आता ऐका. आईने स्टुलावर चढून माळ्यावरचे काढायचे नाही. तुमच्याही न्हाणीघरातली दांडी या आठवड्यात बसवून घ्या, पैसे मी पाठवले आहेत. बाबांनी साखर तपासून वहीत लिहायची, अंदाजाने नव्हे. पावसाळा तोंडावर आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ३५ फुटांवर गेले की ४० च्या इशाऱ्याची वाट न पाहता मावशीकडे जायचे, औषधे आणि चष्मे एका पिशवीत आधीच भरून ठेवायचे. २०१९ सारखे "बघू उद्या" चालणार नाही. आणि कोणी पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणाला, तर बाबा, तुम्ही बाविसावे कलम शिकवलेले आहे: अटकेचे कारण सांगावे लागते, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्यावे लागते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. मोबाईलमधून अटक होत नाही. फोन ठेवायचा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवायचे. तेवढ्यापुरते सभ्य वागायची गरज नाही.

शपथविधी सकाळी दहाला आहे, म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळी साडेसात. आत फोन चालू ठेवता येतो की नाही, ते विचारून कळवीन. तोवर बाबांनी मला लिहावे, रागवून लिहिले तरी चालेल, पण लिहावे, विशेषतः १९४२ बद्दल, कारण तिथे माझे उत्तर लंगडे आहे हे मलाही दिसते आहे. आईच्या गोळ्यांचा डबा भरला की नाही, ते रविवारी विचारणार आहे.

तुमची,
धाकटी