'बघण्यासारखं काही उरलं नाही' म्हणे!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला तमिळनाडूतल्या नागपट्टिनमवरचा लेख वाचला. राग उतरतो का पाहावं म्हणून सोमवारी पुन्हा वाचला. उतरला नाही. भाषा गोड आहे, फोटोही झकास. पण 'त्सुनामीच्या खुणा शोधत फिरलो, सिमेंटच्या वसाहतींखेरीज हाती काही लागलं नाही' ही लेखकमहाशयांची तक्रार वाचून हसावं की रडावं कळेना. अहो, २६ डिसेंबर २००४ ला एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. त्यानंतर किनाऱ्यापासून आत घरं बांधली, ती पुन्हा वाहून जाऊ नयेत म्हणून. तुमच्या कॅमेऱ्यासाठी चार पडक्या भिंती राखायच्या राहिल्या खऱ्या.

मी इथल्याच एका यात्रा कंपनीबरोबर तिकडे गेले होते. वेलंकनीचं चर्च झाल्यावर 'त्सुनामी पॉइंट' म्हणून आम्हाला अक्कराईपेट्टईच्या मासळी बंदरावर उतरवलं. निम्मी बस शाकाहारी, नाकाला पदर लावून गिऱ्हाइकांची वाट अडवून उभी! आमच्यातल्या एका गृहस्थांनी मोबाइल रोखून एका मासळीवालीला विचारलं, "घरातले किती गेले?" ड्रायव्हर मोडकंतोडकं हिंदी बोलायचा, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. यांनी पुन्हा विचारलं. 'त्सुनामी' एवढा शब्द बाईला कळलाच असणार. तिनं मान वर केली नाही. पाटीतल्या माशांवर पाणी शिंपडलं आणि काहीतरी बोलली. ड्रायव्हर म्हणाला, "घ्यायचं तर घ्या, बर्फ वितळतोय." बसमध्ये चढताना गृहस्थ म्हणाले, "किती रुक्ष लोक!" आता तेच आपल्या पुरवणीत छापून आलं, इतकंच.

'क्षणार्धात सारं संपलं' हेही खटकलं. सुमात्राजवळचा भूकंप आपल्याकडच्या घड्याळात सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला, तमिळनाडूत लाटा पोचल्या नऊच्या आसपास. मधल्या दोन-अडीच तासांत किनारा रिकामा करता आला असता. पण हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचं केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. लेखात यावर एक ओळ नाही, सूर्यास्तावर मात्र अख्खा परिच्छेद!

उद्या कुणी चेन्नईहून येऊन पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात, लोकमान्यनगरात फिरला आणि 'पानशेतच्या पुराचं इथं काहीच दिसत नाही' म्हणून हळहळला, तर आपण पुणेकर त्याला चहा पाजणार आहोत का?

आणखी एक. त्याच लेखाखाली अर्धं पान कोकणातल्या 'लाटांना खेटून' प्लॉटची जाहिरात आहे. जाहिरात विभाग आणि पुरवणी विभाग एकमेकांशी बोलत नसावेत.

पत्र छापाल तर पानशेतचं वाक्य गाळू नका. मागे मी फुटपाथवरच्या गाड्यांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा नेमकं मुद्द्याचं वाक्य उडवून 'नागरिकांनी सहकार्य करावे' एवढंच माझ्या नावावर खपवलं होतंत.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, कोथरूड, पुणे