वेस्टवर्ल्डचा सातबारा: मामीला उघड पत्र

ती. मामीस,

सा. न. वि. वि.

घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात, हे तुझं ठाम मत मला माहीत आहे. समोर बसून बोललो असतो तर "गप रे, चहा घे" म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून चारचौघांच्या देखत लिहितोय. इथे तुला मला गप्प बसवता येणार नाही, आणि 'वेस्टवर्ल्ड' बघून डोक्याचा भुगा झालेल्या आणखी कुणाला तुझी पद्धत उपयोगी पडली तर पडली. (ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. पहिल्या सीझनची सगळी गुपितं खाली फोडली आहेत.)

२०१६ च्या ऑक्टोबरात माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मुक्काम तुमच्याकडे साताऱ्यात. त्याच महिन्याच्या २ तारखेला एचबीओवर ही मालिका सुरू झाली. अमेरिकेत रविवारी रात्री नवा भाग लागायचा, तोवर आपल्याकडे सोमवार उजाडलेला असायचा. मायकेल क्रायटनच्या १९७३ च्या सिनेमावरून जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी ती उभी केली होती. काऊबॉयच्या काळातलं एक अवाढव्य पार्क. श्रीमंत माणसं पैसे मोजून तिथे जातात आणि तिथल्या हुबेहूब माणसांसारख्या यंत्रमानवांशी, म्हणजे होस्टशी, वाटेल तसं वागतात. होस्टना मारलं तरी दुरुस्त करून, आठवणी पुसून पुन्हा उभं करतात. इतकं सांगितल्यावर तू मांडीवरची मेथीची जुडी बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, "पुसलेलं कधी पुरतं पुसलं जात नाही. लाव."

मालिका कळत होती. भंडावून सोडलं होतं ते थिअऱ्यांनी. प्रत्येक भागानंतर जगभरचे चाहते नव्या थिअऱ्या काढायचे आणि मी पडल्या पडल्या मोबाइलवर सगळ्या वाचायचो. पार्क मंगळावर आहे. नाही, समुद्राखाली आहे. पार्क उभारणारा डॉ. फोर्ड स्वतःच होस्ट आहे. सुरक्षा प्रमुख होस्ट आहे. सगळेच होस्ट आहेत. एखादं पात्र खोकलं तरी त्यावर पानंच्या पानं. शेवटी समोरचा प्रसंग बघण्याऐवजी तो कुठल्या थिअरीत बसतो हेच मी बघायला लागलो, आणि मजा निघून चालली होती.

तेव्हा तू विचारलंस, "हे कोणत्या फेरफारानं?"

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: मामीची सगळी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. सातबाऱ्यावर एखादं नाव आलं की त्यामागे फेरफाराचा नंबर असतो, आणि तो नंबर धरून गाव नमुना सहामध्ये गेलं की ते नाव कधी आणि कशामुळे लागलं ते कळतं. खरेदीखत, वाटणी, वारस, काहीतरी आधार लागतोच. नंबर नसलेलं नाव ती मानत नाही, मग सांगणारा कितीही मोठा असो. मंगळाची थिअरी तिने याच एका प्रश्नावर निकालात काढली. (दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात पार्क एका बेटावर असल्याचं आणि तिथे चिनी लष्कराशी बोलणी चालल्याचं दिसलं. मंगळवाले त्यानंतर दिसले नाहीत.)

पण एका थिअरीशी तू थांबलीस. विल्यम नावाचा भिडस्त तरुण लोगन या होणाऱ्या मेहुण्याबरोबर पहिल्यांदा पार्कात येतो आणि डोलोरेस नावाच्या होस्टच्या प्रेमात पडतो. दुसरीकडे काळ्या कपड्यांतला एक क्रूर म्हातारा तीस वर्षांपासून या पार्कात येतोय. चाहत्यांचं म्हणणं असं की ही दोन माणसं नाहीतच. तो एकच माणूस आहे, आणि मालिका आपल्याला तीस वर्षांच्या अंतरावरचे दोन काळ एकाआड एक दाखवते आहे.

मी उत्साहाने पुरावे वाचू लागलो, तर तू हात वर केलास. "आधी मला सांग, दोन काळ असतील तर आपल्याला फसवायला त्यांना जमतं कसं? तीस वर्षांत माणूस म्हातारा होतो." आणि लगेच तूच उत्तर दिलंस. होस्टना वय नाही. डोलोरेस तेव्हाही तशीच आणि आजही तशीच. तिच्या चेहऱ्यावरून तारीख लागत नाही, म्हणून तिच्या आजूबाजूच्या वस्तूंवरून लावायची.

यासाठी मला तुझे आभार मानायचे आहेत. इतकी मतं मी वाचली होती, पण ही सगळी लपवाछपवी यंत्रमानवांच्या मालिकेतच शक्य आहे, हे तुझ्याइतक्या सरळ कुणी मांडलेलं मला दिसलं नव्हतं. साध्या कौटुंबिक मालिकेत हा डाव पहिल्या पांढऱ्या केसाला उघडा पडला असता. पुढे आठव्या भागात पार्कातला तंत्रज्ञ फेलिक्स मेव्ह नावाच्या होस्टला सांगतो की होस्टची आठवण आपल्यासारखी धूसर नसते, तिला सगळं जसंच्या तसं पुन्हा घडताना दिसतं. तेव्हा तू माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीस. चेहऱ्यावरून तारीख लागत नाही, आणि होस्टच्या आठवणीवरूनही लागत नाही.

मग आपण दप्तर उघडलं. विल्यम येतो तिथलं पार्कचं बोधचिन्ह आजच्या बोधचिन्हापेक्षा वेगळं आहे, हे दुसऱ्याच भागात लोकांनी टिपलं होतं. ते तू "विचारात घेण्यासारखं" या खात्यात टाकलंस. पाचवा भाग आपण ऐन पाडव्याच्या सकाळी बघितला, अभ्यंगस्नान करून, फराळाचं ताट पुढ्यात घेऊन. त्यात काळ्या कपड्यांतला माणूस लॉरेन्स नावाच्या होस्टला मारून त्याचं रक्त टेडी या दुसऱ्या होस्टला देतो, आणि त्याच भागात थोड्या वेळाने विल्यमला भेटलेला एल लाझो म्हणजे तोच लॉरेन्स निघतो. मी चकली हातात धरून ओरडलो, सिद्ध झालं! तू म्हणालीस, काही झालेलं नाही. मेलेला होस्ट दुरुस्त करून परत पाठवतात, हे यांनीच दाखवलंय. ज्या कागदाचे दोन अर्थ निघतात तो कागद कोर्टात टिकत नाही.

नोंद पक्की झाली ती नवव्या भागात. लोगन डोलोरेसचं पोट चिरतो आणि आत चाकं, पट्ट्या, यंत्र दिसतं. तू मला मागे न्यायला लावलंस. आधी पाचव्या भागात: काळ्या कपड्यांतला माणूस टेडीला सांगतो की पूर्वी तुम्ही आतून लाखो सुबक सुट्या भागांचे होतात, मग स्वस्त पडतं म्हणून हाडामांसाचे केलं. मग थेट पहिल्या भागात: डोलोरेस पार्कातली सर्वांत जुनी होस्ट, पण इतक्यांदा दुरुस्त झालेली की जवळजवळ नवीच. म्हणजे आजच्या डोलोरेसच्या पोटात यंत्र सापडायला नको. सापडलं, तर तो प्रसंग आजचा नाही. तीन भागांतल्या तीन नोंदी एकमेकींना जुळल्या आणि तू म्हणालीस, "हा फेरफार." पुढच्या सोमवारी, दहाव्या भागात मालिकेने ते तोंडाने कबूल केलं. मी कुठल्याही कबुलीची इतक्या शांतपणे वाट बघितली नव्हती.

फोर्डच्या हाताखाली होस्टचं प्रोग्रॅमिंग सांभाळणाऱ्या बर्नार्डची केस मात्र सर्वस्वी तुझी. तिसऱ्या भागात फोर्ड त्याला एक जुना फोटो दाखवतो. तरुण फोर्ड आणि शेजारी एक वयस्क माणूस. आपण समजतो की तोच फोर्डचा मेलेला भागीदार अर्नोल्ड. तू चष्मा वर सरकवून विचारलंस, "फोटो काढणाऱ्याने एका बाजूला इतकी जागा मोकळी का सोडली?" खाडाखोड करून नाव उडवलेले कागद हाताळलेल्या माणसालाच ती मोकळी जागा अशी खुपते. चाहत्यांतही काहींना ती खुपली होती, पण तू ती कुणाचं न वाचता पकडलीस. नवव्या भागात तोच फोटो पुन्हा दिसतो, आणि त्या मोकळ्या जागेत अर्नोल्ड उभा असतो, बर्नार्डच्या चेहऱ्याने. बर्नार्ड स्वतःच होस्ट असल्यामुळे त्याला तो दिसत नव्हता, आणि त्याच्या नजरेतून बघणाऱ्या आपल्यालाही नाही. बर्नार्ड लोव आणि अर्नोल्ड वेबर या दोन नावांची इंग्रजी अक्षरं तीच आहेत, नुसती फिरवलेली, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू ढुंकूनही बघितलं नाहीस. नावातलं साम्य म्हणजे वारस नव्हे, म्हणालीस.

आणि तळघरातल्या त्या मुलाखती. डोलोरेस अंगभर निळ्या झग्यात खुर्चीत बसलेली आणि समोर बर्नार्ड. तिसऱ्याच भागात फोर्ड एका कर्मचाऱ्याला झापतो की होस्टच्या अंगावर कापड का घातलंस. मग डोलोरेसला कपड्यांत बसवून, पोटच्या मुलीशी बोलावं तसं बोलणारा हा कोण? तू तेवढ्यावरून म्हणालीस की हा नियम होण्याआधीचा काळ असणार आणि हा माणूस बर्नार्ड नसणार. मला तेव्हा पटलं नव्हतं. तुला त्याने काही फरक पडला नाही.

मध्येच ८ नोव्हेंबर आला. मामा आणि तू आळीपाळीने बँकेच्या रांगेत. दमून घरी आलीस, पाण्याचा तांब्या तोंडाला लावलास, आणि नोटा मिळाल्या की नाही हे सांगायच्या आधी विचारलंस, "तो बर्नार्ड 'कुठलं दार?' म्हणाला, ते दार आपल्याला तरी आधी दिसत होतं का रे?" आपण परत लावून बघितलं. नव्हतं. त्याच्याबरोबरची पार्कची अधिकारी थेरेसा त्या दाराबद्दल विचारते तोवर तिथे नुसती भिंत होती. मामांनी त्या दिवशी स्वतःच कुकर लावला.

स्पॉयलरवरून चिडणाऱ्यांचा तेव्हा फार गलका होता. इंटरनेटवरच्या लोकांनी आधीच ओळखून सगळा विचका केला, असं. माझ्या बाबतीत उलटं झालं, तेही तुझ्यामुळे. प्लास्टर निघाल्यावरही मी चार दिवस जास्त राहिलो आणि आपण पहिल्यापासून पुन्हा बघितलं. आता विल्यम कोण ते माहीत होतं. तरुण विल्यम झालेल्या जिमी सिम्प्सनच्या त्या नम्र, अवघडलेल्या हसण्यात पुढचा, म्हातारा विल्यम झालेला एड हॅरिस कुठे कुठे डोकावतो ते शोधायला दुसऱ्या वेळी जी मजा आली ती पहिल्या वेळी शक्यच नव्हती. पहिल्या भागात शेतात सापडलेला फोटो पाहून डोलोरेसचे वडील भ्रमिष्ट होतात. तो फोटो लोगनच्या बहिणीचा, म्हणजे विल्यमच्या होणाऱ्या बायकोचा. तीस वर्षं मातीत पडून होता. हे कळल्यावर तो प्रसंग तू दोनदा बघितलास आणि "बिचारी" एवढंच म्हणालीस. डोलोरेसला उद्देशून की त्या बायकोला, मी विचारलं नाही.

दुसरा सीझन तुला आवडला नाही, मलाही फारसा नाही. ओळखणाऱ्यांना चकवायच्या नादात त्यांनी कथेच्या इतक्या गाठी मारल्या की सोडवल्यावर हाती दोराच उरला. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये नोलन आणि जॉय यांनी चाहत्यांची केलेली थट्टा मात्र झकास होती. अख्ख्या सीझनचं गुपित फोडतो म्हणून व्हिडिओ टाकला, आणि त्यात निघाली डोलोरेसची नटी इव्हान रेचल वुड, रिक अ‍ॅस्टलीचं १९८७ चं, इंटरनेटवर लोकांना फसवून ऐकवतात ते गाणं म्हणताना! तुला ते फोनवर समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. त्याच सीझनमध्ये काही प्रसंगांत पडद्यावर वर-खाली काळे पट्टे येतात, तेव्हा तू टीव्ही बिघडला म्हणून केबलवाल्याला बोलावणार होतीस. दोन भागांनंतर तुझाच फोन. पट्टे आले की समजायचं, हे खरं जग नाही, संगणकातलं आहे. तिसऱ्या सीझनमध्ये युद्धातल्या मेव्हच्या पहिल्याच दृश्याला तू ते ओळखलंस.

चौथ्या सीझननंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये मालिका बंद झाली. पाचवा त्यांच्या मनात होता, तो राहिला. डोलोरेसची शेवटची परीक्षा काय होती, याच्या थिअऱ्या अजून निघतात आणि मी अजून तुला पाठवतो. तू सगळ्यांवर "प्रलंबित" एवढं लिहून परत करतेस.

एका बाबतीत मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. दुसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी, नामावलीनंतर, म्हातारा विल्यम खाली उतरतो आणि मुलीच्या रूपातली होस्ट त्याची तपासणी घेते. तू म्हणतेस, तो विल्यम म्हणजे नुसती नक्कल, मूळ माणूस केव्हाच संपला, आणि तो प्रसंग फार पुढच्या काळातला. तो होस्ट आहे हे मला मान्य आहे. काळ तू कशावरून ठरवलास ते सांग. पंधरवड्याने येतोय, तोपर्यंत फेरफार शोधून ठेव.

कळावे.

तुझा,
भाचा