गंजक्या मांडवातून

बर्लिन,
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

प्रिय सुमे,

तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिली पाच मिनिटं प्राचार्यांच्या नावानं बोटं मोडण्यात गेली आहेत, पण ती जास्त रंगली आहेत. उरलेल्या अडीच मिनिटांत कामाचं विचारलंस: नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी, कमिटी येतेय, कलाशाखेच्या फायलीतला ‘विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध शैक्षणिक सुविधा’ हा रकाना तुझ्या गळ्यात पडलाय, तर ‘तुमच्या तिकडं काय काय असतं ते चार ओळींत लिहून पाठव.’ तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला तासाचे पैसे द्यायचे आणि फाईल मात्र कायम माणसाची द्यायची, हे अजून तसंच आहे म्हणायचं. असो. चार ओळींत मला काही सांगता येत नाही, हे तुला शिवाजी विद्यापीठातल्या खर्डेकर ग्रंथालयाच्या पायरीपासून माहीत आहे. इथं चार वाजताच अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, खिचडी शिजतेय. तेव्हा पत्रच वाच.

आधी इमारत, कारण कमिटीला इमारती आवडतात. आमचं विद्यापीठ म्हणजे ‘फ्रायं युनिव्हर्सिटेट’. १९४८ साली जुनं बर्लिन विद्यापीठ रशियनांच्या ताब्यातल्या भागात होतं. तिथं वेगळ्या मताच्या विद्यार्थ्यांना काढून टाकायला, धरून न्यायला लागले, तेव्हा पोरं आणि काही प्राध्यापक उठून अमेरिकन भागात आले आणि डिसेंबरमध्ये डाहलेम नावाच्या उपनगरात हे नवं विद्यापीठ उभं केलं. म्हणून ‘फ्राय’, म्हणजे मुक्त. बाबांना अजून वाटतं की फ्री म्हणजे फुकट. तसं तेही फारसं चूक नाही. शिकवण्याची फी नाही, सत्राला एकदा वर्गणी भरायची, त्यातच प्रवासाचा पासही येतो.

भाषा-साहित्याचे बहुतेक विभाग एका लांबच लांब, बसक्या इमारतीत आहेत. तिला म्हणतात ‘रोस्टलाउबं’. लाउबं म्हणजे बागेतलं खोपटं, मांडव. रोस्ट म्हणजे गंज. सत्तरच्या दशकात बाहेरून जे पोलाद लावलं, ते गंजून तांबूस व्हावं अशाच जातीचं होतं. पुढं दुरुस्तीत ते काढून कांस्याचे पत्रे बसवले, पण नाव काही गेलं नाही. शेजारी ॲल्युमिनियमचा ‘चांदीचा मांडव’, आणि अलीकडं बांधलेला ‘लाकडी मांडव’. तीन मांडव एकाला एक लागून, जणू गावात तीन लग्नं एकाच मुहूर्तावर.

आत मधे सरळ रस्त्यासारखे बोळ आहेत, त्यांना अक्षरं: जे, के, एल. वर्गाचा नंबर पत्त्यासारखा असतो. ‘केएल २५/१३४’ म्हणजे के आणि एल या दोन रस्त्यांच्या मधली, पंचविसाव्या आडव्या बोळातली खोली. कळलं की सोपं. मला कळायला तीन आठवडे लागले. पहिल्या सोमवारी मी दहाच्या तासाला दहा वाजून बारा मिनिटांनी घामाघूम होऊन पोचले आणि वर्ग रिकामा! वाटलं, चुकलं. मग एकेक जण निवांत यायला लागला. इथं दहाचा तास म्हणजे सव्वादहाचा, ‘अकॅडेमिक पाव तास’ म्हणतात त्याला, आणि ही जुनी, मान्य, शिस्तीची पद्धत आहे. आपल्याकडच्या सरांना कळवू नकोस.

तास संपला की टाळ्या नाहीत. सगळे मुठीनं बाकावर ठकठक करतात. पहिल्यांदा मला वाटलं, पोरं भडकली.

आता मुख्य गोष्ट. गंजक्या मांडवाच्या मधोमध, अंगणात शिवलिंग असावं तसा एक मोठा घुमट बसलाय. तेच भाषा-साहित्याचं ग्रंथालय. नॉर्मन फॉस्टर या वास्तुविशारदाचं काम, २००५ मध्ये उघडलं. वरून पाहिलं तर मेंदूचे दोन अर्धे दिसतात, म्हणून लोक त्याला ‘बर्लिनचा मेंदू’ म्हणतात. आधी प्रत्येक भाषेचं वेगळं ग्रंथालय इकडंतिकडं विखुरलेलं होतं. ती सगळी इथं एकत्र केली. ७ लाखांच्या आसपास पुस्तकं, बसायला ६०० च्या वर जागा. बाहेर पत्रा आणि काच, आत पांढरा पडदा, त्यातून उजेड गाळून येतो. मधल्या पोकळीतून हवा खेळते. मजल्यांच्या कडा सरळ नाहीत, नदीकाठासारख्या वळत जातात, आणि त्या काठाकाठानं वाचायची टेबलं. पुस्तकं मधे, माणसं उजेडाकडं. ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं कधीतरी ट्यूबलाइटखाली अभ्यास केलेला असणार.

पण मला घुमटाचं कौतुक सांगायचं नाहीये. मला सांगायचंय ते मांडणीचं. सगळी कपाटं उघडी. कपाटं म्हणजे काय, फळ्याच. दार नाही, काच नाही, कुलूप तर नाहीच. चिठ्ठी लिहून खिडकीत द्यायची नाही. बॅग, कोट बाहेर लॉकरमध्ये ठेवायचे आणि आत जायचं, बस.

तुला आपल्या पदवी कॉलेजचं ग्रंथालय आठवतंय? (नाव लिहीत नाही, तू तिथंच नोकरी करतेस.) लोखंडी कपाटं, काचेआड पुस्तकं, आणि शिपाईमामांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पुस्तक न्यायचं बी.टी. कार्ड, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आणि लेखक लिहायचा. ज्या पुस्तकाचं नावच माहीत नाही, ते मागायचं कसं? मी काचेला नाक लावून कण्यांवरची नावं वाचत उभी राहायचे आणि मामा म्हणायचे, ‘काय पायजे ते सांग, सरळ, नुसतं बघू नको.’

सुमे, ‘नुसतं बघणं’ हीच तर सगळी सुविधा आहे गं.

झालेली गोष्ट सांगते. या सत्रात मला युरोपातल्या मेंढपाळांच्या कवितेवर निबंध लिहायचाय. त्यांच्याकडं जुनी परंपरा आहे, दरबारातल्या कवींनी मेंढपाळ होऊन प्रेमाबिमावर लिहायचं. मेंढीला कधी हात लावला नसेल. मी क्रमांक बघून फळीपाशी गेले, हवं ते पुस्तक कुणीतरी टेबलावर नेलेलं. म्हणून शेजारचं काढलं. ते खऱ्या मेंढपाळांच्या गाण्यांवर होतं, जगभरच्या. चाळता चाळता एका तळटीपेत ‘धनगर’ असा शब्द. रोमन लिपीत, ‘न’च्या डोक्यावर काही खुणाबिणा न करता, साधा आपला धनगर. मी चुळबुळले तशी समोरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं.

टीप होती गुंथर सोन्थायमर यांच्यावर. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवायचे, १९९२ मध्ये गेले. हा माणूस वर्षानुवर्षं महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्यांवर हिंडला, ओव्या टेप करून घेतल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावर १९७६ साली जर्मनमध्ये पुस्तक काढलं. मी दुसऱ्या गावाहून पुस्तक मागवण्याचा अर्ज भरला. इथं देशातल्या दुसऱ्या ग्रंथालयांतलं पुस्तक मागवता येतं, अर्जाला दीड युरो. आठवड्याभरानं आलं. आणि मी इथं, पांढऱ्या घुमटाखाली, शब्दकोश उघडून, तुझ्या आजोळच्या पट्टणकोडोलीच्या देवाबद्दल, बिरोबाबद्दल, जर्मनमध्ये वाचत बसले. भंडाऱ्यानं पिवळी झालेली तू आणि तुझी मामी डोळ्यांपुढं. ज्या यात्रेत आपण भेळ खाल्ली तिच्यावर टिपणं काढायला मला सात हजार किलोमीटर यावं लागलं याचा थोडा रागही आला, खरं सांगते.

निबंधाचा विषय बदलला हे ओघानंच आलं. बाईंकडं गेले. प्रत्येक प्राध्यापकाचा आठवड्यात एक ठरलेला भेटीचा तास असतो. नाव नोंदवायचं, दार वाजवायचं, वीस मिनिटं ती व्यक्ती फक्त तुझी. त्यांना बिरोबा ठाऊक नव्हता. ‘मला समजावून सांग’, म्हणाल्या, आणि वही काढून लिहून घ्यायला लागल्या. रकान्यात हे कुठं बसवशील बघ.

सगळंच गोड आहे असं समजू नको. बोलायला कुणी नसतं. खर्डेकरमध्ये आपण तासभर वाचून दोन तास चहा प्यायचो, मोर ओरडायचे, आणि अर्धं साहित्यशास्त्र मला त्या टपरीवर कळलं. इथं जो तो येतो, वाचतो, जातो. परीक्षेच्या दिवसांत जागांवरून शीतयुद्ध. नऊला येऊन पुस्तकं पसरायची आणि गायब व्हायचं, अगदी आपल्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं. म्हणून शहरातल्या काही ग्रंथालयांत पुठ्ठ्याचं घड्याळ देतात, उठताना त्यावर वेळ लावून जायचं, परत उशीर केला तर जागा गेली. कंडक्टर नाही म्हणून घड्याळ. जेवणाचं मात्र बरं आहे. विद्यापीठाची एक खानावळ पूर्ण शाकाहारी आहे, २०१० पासून, आणि आईला हे सांगितल्यापासून तिची निम्मी काळजी मिटली.

आता एक गोष्ट, जी तुझ्या रकान्यात येणार नाही पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मांडवापासून दहा मिनिटांवर इनंस्ट्रासं नावाची शांत गल्ली आहे, झाडांची. तिथं २२ नंबरची इमारत. आज तिथं राज्यशास्त्राचे वर्ग भरतात, दारात सायकली. १९२७ साली ही उघडली तेव्हा ती मानववंशशास्त्राची, आणि ‘वंशशुद्धी’च्या शास्त्राची, देशातली सर्वांत सुसज्ज संस्था होती. मापं घ्यायची यंत्रं, तज्ज्ञ, आणि वसाहतींमधून आणलेल्या माणसांच्या कवट्यांचा साठा. पुढच्याच वर्षी तिथं कोण दाखल झालं? आपल्या इरावतीबाई. इरावती कर्वे. सासरे महर्षी कर्व्यांचा विरोध असताना आल्या होत्या.

त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर, संस्थेचे संचालक. युरोपीयांच्या कवट्या इतरांपेक्षा वेगळ्या वाकड्या असतात आणि तो वाकडेपणा बुद्धीचा पुरावा, अशी त्यांची समजूत. विषय दिला, कवट्या दिल्या, मोजपट्ट्या दिल्या. बाईंनी मापं घेतली आणि लिहिलं की वंशाचा आणि वाकडेपणाचा संबंध दिसत नाही. पंचविशीही न गाठलेली, परक्या भाषेत लिहिणारी मुलगी, समोर असला माणूस. १९३० मध्ये त्या परतल्या. पुढं त्या संस्थेचं काय झालं, आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून तिथं काय काय पाठवलं गेलं, ते दारावरच्या पाटीवर लिहिलंय. ती पाटी लावायला १९८८ उजाडावं लागलं. २०१४ मध्ये जवळच खोदकामात माणसांची हाडं निघाली. २०२३ मध्ये त्यांचं दफन केलं.

मी तिथून जाते तेव्हा दर वेळी थांबत नाही. पण सुविधांचा विषय निघाला की मला आता ती इमारत आठवते. सगळं होतं तिथं, तुझ्या फॉर्मातला एकही रकाना रिकामा राहिला नसता.

तर, रकाना. स्मार्ट बोर्ड आहे म्हणालीस, तो लिहून टाक. पाण्याचं मशीन लिही. आणि मग एक काम कर. शिपाईमामा निवृत्त झाले, किल्ल्या आता तुझ्या टेबलाच्या खणात असतात हे तूच मागं सांगितलंयस. कमिटी गेल्यावर एका शनिवारी मराठीचं एकच कपाट उघडं ठेव. पूर्ण दिवस. दाराशी रजिस्टर घेऊन बस हवं तर, पण चिठ्ठी मागू नको. दोन पुस्तकं जातील, धरून चाल. एखादं पोरगं वही न काढता नुसतं बघत उभं राहिलं तर त्याला हटकू नको. काय होतं ते मला कळव; व्हॉइस मेसेज चालेल, पण प्राचार्य दोन मिनिटांत आटप.

खिचडी लागली बहुतेक, वास येतोय.

तुझी,
वैजू

ता. क. ताईच्या सासूबाई जानेवारीत फ्रँकफुर्टला येणार आहेत. त्यांच्याकडं मेतकूट आणि तुझ्या मामीचा कांदा-लसूण मसाला दे, अर्धा किलो. आणि मामीला विचार, यात्रेत ओव्या म्हणणारे ते म्हातारबाबा अजून येतात का. बाईंना ऐकवायच्यात.