कोऱ्या वहीचा खुलासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील बालवाडीवरचा लेख आणि त्यासोबतचे छायाचित्र पाहून हे पत्र लिहीत आहे. चार वर्षांची मुले 100 पर्यंत अंक लिहितात, बाराखडी पाठ म्हणतात आणि फळ्यावरची इंग्रजी वाक्ये न चुकता उतरवून घेतात, याचे त्या लेखात भरभरून कौतुक आहे. छायाचित्रातली मुलगी वहीवर वाकून लिहिते आहे. तिने पेन्सिल पाचही बोटांच्या मुठीत, लाटणे धरावे तशी धरली आहे, अंगठा आत दुमडला आहे आणि खांदा कानापर्यंत वर आला आहे. शिशुवर्गाला शिकवणाऱ्या कोणत्याही बाईने हे छायाचित्र पाहिले, तर या हाताला अजून लिहायला लावू नये हे तिच्या चटकन लक्षात येईल. लेखिकेच्या आणि छायाचित्रकाराच्या ते लक्षात आले नाही, याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

मी साताऱ्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत गेली 24 वर्षे शिशुवर्गाला शिकवते. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचिक असतात आणि पुढे काही वर्षांत एकेक करून त्यांचे हाड बनते. चौथ्या वर्षी त्यांतली कित्येक अजून तयार झालेली नसतात. म्हणून आम्ही मुलांकडून आधी माती मळून घेतो, मणी ओवून घेतो, मटार सोलायला देतो, ओले फडके पिळायला देतो, कागद फाडून चिकटवायला देतो, परातीत पसरलेल्या रव्यात बोटाने रेघा ओढायला सांगतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ही तीन बोटे एकत्र काम करू लागली की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. मूल घरी गेल्यावर आई विचारते, ‘आज काय शिकवलं?’ मूल खरे तेच सांगते, ‘खेळलो.’ आणि दुसऱ्या दिवशी फाटकापाशी आई मला गाठते.

आपल्या लेखाने ज्या वहीचा गौरव केला आहे, त्या वहीपायी तीन वर्षांपूर्वी मला संस्थेकडून ज्ञापन मिळाले होते. ती हकीकत मी आजवर शाळेबाहेर सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये आमच्या छोट्या शिशूत एक मुलगा आला. वय तीन वर्षे आठ महिने. आधीच्या ठिकाणी तो दोन महिने बसला होता आणि तिथे त्याला रोज एक पान लिहावे लागे. आमच्याकडे पहिल्याच दिवशी त्याने दप्तरातून वही काढून स्वतःहून माझ्यापुढे ठेवली. पानापानावर ‘क’ गिरवला होता आणि पेन्सिल इतकी दाबून धरलेली असे की कागद दोन-तीन ठिकाणी फाटून खालच्या पानावर वळ उमटले होते. आमच्या वर्गात चित्रकलेच्या वह्या कपाटातून काढल्या, तरी तो जागच्या जागी चड्डी ओली करायचा. मावशींनी त्याला तीन दिवस न बोलता बदलून दिले आणि चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘बाई, हे पोर वहीला भितंय.’ मावशी सातवीपर्यंत शिकल्या आहेत. त्यांना जे चार दिवसांत उमगले ते कालच्या लेखात शोधूनही सापडत नाही.

मी त्याची वही कपाटात ठेवून दिली. त्याला व्हरांड्याच्या फरशीवर पाण्याची वाटी आणि रंगकामाचा जुना ब्रश दिला. तो फरशीवर पाण्याने लांब रेघा ओढायचा, त्या वाळून नाहीशा झाल्या की पुन्हा ओढायचा. पुसले गेले तर कोणी रागावत नाही हे त्याला पटायला पंधरा दिवस लागले असतील. सप्टेंबरमध्ये तो मातीकडे वळला, मग मण्यांकडे. चड्डी ओली होणे थांबले. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा झाली, त्यात त्याच्या आईने वही मागितली. वही कोरी होती. ती माउली सगळ्यांसमोर रडली. शेजारच्या इमारतीतला त्याच वयाचा मुलगा 50 पर्यंत लिहितो आणि तिचा मुलगा मागे पडला, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्यावर मी कधीच रागावले नाही. तिने पोटाला चिमटा घेऊन फी भरली होती आणि मुलाचे शिकणे दिसण्याची तिच्याकडे वहीखेरीज दुसरी खूण नव्हती. मात्र तिची तक्रार संस्थेकडे गेली आणि आठवड्याभरात मला कागद मिळाला: ‘वहीत लेखनकाम आढळले नाही, लेखी खुलासा सादर करावा.’ मी दोन पानी खुलासा दिला. त्याचे उत्तर आले नाही. नोव्हेंबरमध्ये शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात आईने त्याला आमच्या शाळेतून काढले.

शेवटच्या दिवशी ती कार्यालयात कागदपत्रे घेत होती आणि तो माझ्याजवळ वर्गाच्या पायरीवर बसला होता. त्याच्या सँडलला पट्टा होता, त्याला बारीक बक्कल. आजवर मावशीच तो लावून देत. त्या दिवशी त्याने माझा हात बाजूला केला. पट्टा बक्कलमध्ये घातला, तो निसटला, पुन्हा घातला, जीभ बाहेर काढून त्या बारीक काट्यासाठी पट्ट्याचे भोक शोधले आणि अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत धरून तो काटा भोकात बसवला. पाच मिनिटे तरी लागली असतील. ज्या तीन बोटांनी पुढे पेन्सिल धरायची, त्याच तीन बोटांनी त्याने हे केले. मग त्याने दुसऱ्या पायाचे बक्कल लावायला घेतले, तेवढ्यात आई आली, उशीर होत होता, तिने ते पटकन लावून दिले आणि दोघे गेले. पुढे तो कुठे शिकला, कसा लिहितो, मला माहीत नाही.

महोदय, हे मी नव्याने काही सांगत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या दोघी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी मुलांची साधने उभी केली, कारण परदेशी धाटणीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून वस्तीतल्या अंगणात बालवाडी नेली आणि पुढे जवळच्या कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. त्या काळी त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलापुढे पाटी-पेन्सिलीच्या आधी शिंपले का ठेवले, याचा विचार 80 वर्षांनी याच महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्राने करावा, ही अपेक्षा गैर नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि 2022 मध्ये आलेल्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात खेळ हाच शिकण्याचा मार्ग म्हटला आहे. आपल्या लेखात यापैकी एका अक्षराचाही उल्लेख नाही.

शिवाय वयाचा हिशेब पाहा. आपल्याकडे प्रवेशासाठी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण होणारे मूल चालते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये शाळेत येते तेव्हा अडीच वर्षांचे असते. जूनचे पहिले दोन आठवडे आमच्या वर्गात कसे जातात ते सांगते. बाहेर साताऱ्याचा पाऊस, आत 30 ओले रेनकोट, एक रडू लागले की त्याचे ऐकून आठ जण रडतात, कोणाला शू लागलेली सांगता येत नाही, कोणाच्या डब्याचे झाकण उघडत नाही, कोणी उजव्या पायातला बूट डाव्या पायात घालून चालायला लागलेले असते. घरी गेल्यावर माझा घसा बसलेला असतो आणि पाठ भरून आलेली असते. यात मी पेन्सिल कोणाच्या हातात देऊ?

आणि तरीही मी हे काम सोडले नाही, कारण या वर्गात जे मिळते ते मला दुसरीकडे कुठे मिळाले नसते. मागच्याच महिन्यात चिऊ-काऊची गोष्ट सांगत होते. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे, पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले, इथपर्यंत आले तोच एका मुलीने विचारले, ‘बाई, शेणाच्या घरात त्याला वास नाही का येत?’ मी काही बोलायच्या आत मागून एकाने सांगितले, ‘त्याला सवय झाली असेल. आमच्या गोठ्यात आजीला पण येत नाही.’ तिसरीला ते पटले नाही, तिच्या मते कावळ्याला नाकच नसते, चोच असते. मग चोचीवर भोके असतात की नाही यावर वर्ग दोन तट पडून भांडला आणि शेवटी आम्ही सगळे रांगेने बाहेर जाऊन कौलावर बसलेल्या कावळ्याकडे पाहत उभे राहिलो. तो उडून गेला. अर्धा तास यात गेला. त्या अर्ध्या तासात मुलांनी शंका काढली, अनुभवाचा दाखला दिला, दुसऱ्याचे म्हणणे खोडले आणि खरे-खोटे करायला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला गेली. त्या दिवशी वहीत काही लिहिले गेले नाही. गोष्टही राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी दारातच मला सांगत आली की तिने घरी कोंबडीची चोच पाहिली आणि तिला दोन भोके आहेत.

लेखात एके ठिकाणी आमचा उल्लेख ‘मुलांना सांभाळणाऱ्या ताई’ असा झाला आहे. मी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून, परीक्षा देऊन या कामाला लागले. आमच्या शाळेत पहिलीपासून पुढच्या वर्गांना अनुदान आहे, शिशुवर्गाला नाही, म्हणून मला उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळत नाही. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांची सोय त्याने सरकारच्या मर्जीवर सोडली आहे. तेव्हा सरकारदरबारी आम्ही कोण, हे ठरलेले नाही, हे मी समजू शकते. आपण तरी आम्हाला शिक्षिका म्हणावे.

आणखी एक. लेखाच्या शेवटी त्या बालवाडीचा पत्ता, प्रवेशाची मुदत आणि दूरध्वनी क्रमांक छापला आहे. तो मजकूर जाहिरात असेल, तर तसे वर ठळक अक्षरांत लिहायला हवे होते, आणि जाहिरात नसेल, तर बातमीदाराने त्या वर्गात निदान एक सकाळ बसून मग लिहायला हवे होते. माझ्या वर्गातल्या चार आयांनी काल संध्याकाळीच तो क्रमांक मला दाखवून विचारले की आपल्याकडे असे कधी सुरू होणार. त्यांना मी काय सांगितले ते वर लिहिले आहे. माझे पत्र जागेअभावी कापावे लागले, तर कृपया त्या मुलाच्या सँडलच्या बक्कलचा भाग कापू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक शिशुवर्ग शिक्षिका, सातारा