गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद करायला सांगू नका

मा. संपादक,

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत गुडघेदुखीवर लेख आला होता. त्यात "वयोमानाने गादी झिजते, म्हणून चालणं, जिने सगळं बंद करून आराम करा" असा सल्ला होता. घरोघरी हेच सांगतात, पण पेपरात छापून आलं की आई-बाबा ते कात्रण कपाटाला चिकटवतात आणि खरंच खुर्चीत बसून राहतात, म्हणून लिहितेय.

ती गादी म्हणजे कूर्चा, आणि कूर्चा जिवंत असते. तिच्यात कॉन्ड्रोसाइट नावाच्या पेशी असतात, संख्येने फार थोड्या, आणि भोवतालचे कोलॅजनचे मजबूत धागे आणि पाणी धरून ठेवणारं अ‍ॅग्रिकॅन हे सगळं त्याच बनवतात. तिथे ना रक्तवाहिनी पोचते ना मज्जातंतू. पाऊल टाकलं की कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, उचललं की फुगते, आणि त्या ये-जा करणाऱ्या पाण्यातूनच पेशींना पोषण मिळतं. मग चालणं बंद केलं तर त्यांनी जगायचं कशावर? पाठीच्या मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांची गुडघ्याची कूर्चा पातळ होत जाते हे एमआरआयमध्ये मोजलेलं आहे.

आणि या पेशींना दाब कळतो, हे मला सगळ्यात भारी वाटतं. त्यांच्या पडद्यावर बारीक दारं असतात, दाब पडला की उघडतात आणि कॅल्शियम आत घेतात. टीआरपीव्ही४ नावाचं दार रोजच्या बेताच्या दाबाला उघडतं आणि पेशी नवा माल बनवायला लागते, पण दणका जोरात बसला तर पिझो१ आणि पिझो२ उघडतात, कॅल्शियम बदाबदा आत शिरतं आणि पेशी मरूही शकते. पिझो शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं (डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत). २०१४ मध्ये अमेरिकेत फर्शिद गिलक आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या कूर्चेतल्या पेशींवर प्रयोग केले, त्यात टॅरँटुला कोळ्याच्या विषातल्या एका प्रथिनाने पिझो बंद केलं तर दाबाखाली कमी पेशी मेल्या. अर्थात हे प्रयोगशाळेतलं आहे, दुकानात औषध मिळत नाही!

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्याची कूर्चा झिजण्याच्या आजारात, बिघडतं ते हेच. पेशीभोवतीचं आवरण मऊ पडतं, सूज आणणारं इंटरल्युकिन-१ पिझो१ वाढवतं, म्हणजे तोच दाब पेशीला जास्त लागायला लागतो, मग ती भोवतालचं कोलॅजन आणि अ‍ॅग्रिकॅन तोडणारी एन्झाइम्स सोडते, त्याने आवरण आणखी ढिलं होतं आणि हे चक्र चालूच राहतं. जगात २०१९ मध्ये सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा आजार होता, त्यामुळे "म्हातारपण आलं की होतंच" म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. (रुमेटॉइड संधिवात वेगळा, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते, आणि त्याला डॉक्टरांची औषधं वेळेत सुरू करावीच लागतात. तुमच्या लेखात दोन्हीची सरमिसळ झाली होती.)

गुडघा सुजून लाल झालाय, पाऊल टेकवत नाही, तेव्हा आराम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण सूज उतरल्यावरही महिनोन्‌महिने बसून राहायला सांगणं हा माणसांवर अन्याय आहे, कारण मांडीचे स्नायू सुकतात आणि मग सगळा दणका सांध्यावरच येतो. वजनाचंही तसंच, गुडघेदुखी असलेल्या जाड माणसांवर अमेरिकेत केलेल्या २००५ च्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी झालेला दिसला, हे तुमच्या लेखात एका ओळीत सांगता आलं असतं.

प्लीज पुढच्या पुरवणीत एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे सोपे व्यायाम लिहून घ्या, खुर्चीवर बसून करता येतील असे, फोटोंसकट, आणि जरा मोठ्या टायपात छापा, कारण ते पान ज्यांच्यासाठी आहे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

- एक वाचक, सांगली