घेवड्याच्या आमटीत साखर कुणी घातली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला सातारच्या जेवणावरचा लेख वाचला. लेखकांनी बरीच मेहनत घेतलेली दिसते, निदान हायवेवरची दोन-तीन हॉटेलं तरी नीट बघितलीत हे फोटोवरून कळतंय, त्याबद्दल अभिनंदन. पण "आख्खा मसूर आणि कंदी पेढे सोडले तर सातारकडं शाकाहारात सांगण्यासारखं फारसं काही नाही" हे वाक्य वाचलं आणि माझा चहा तसाच राहिला. अहो आख्खा मसूर लोक ढाब्यावर जाऊन खातात, आणि पेढा काय जेवण आहे का? माण-खटावात कुणाच्या घरी जाऊन बसला असता तर हुलग्याचं माडगं मिळालं असतं, शेंगोळी मिळाली असती, बेंदराला गेला असता तर पोळी आणि कटाची आमटी, नागपंचमीला पुरणाची दिंडं. पण त्यासाठी कुणाच्यातरी उंबऱ्याच्या आत जावं लागतं आणि तिथं मेनूकार्ड नसतं.

असो. एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं, लेख येतात नि जातात. पण खाली जी "पारंपरिक घेवड्याची आमटी" म्हणून चौकट छापलीय ती बघून राहवलं नाही. एकतर फोटो लालभडक राजम्याचा. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा फिकट गुलाबी असतो, त्याच्यावर तांबड्या रेघा असतात म्हणून तर वाघ्या, 2016 पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे त्याला, आणि तुम्ही फोटो टाकता कुठल्यातरी सुपरमार्केटच्या पाकिटातला. त्यात टोमॅटो प्युरी, त्यात कसुरी मेथी, वर आवडीनुसार फ्रेश क्रीम, आणि सगळ्यात शेवटी "चवीपुरती साखर".

ही साखर माझ्या ओळखीची आहे.

गेल्या वर्षी तुमच्याच पेपरच्या पाककृती स्पर्धेला मी हीच आमटी पाठवली होती. वहीच्या पानावर हातानं लिहून, आमच्या आत्याबाई करायच्या तशी. उत्तेजनार्थ नंबर आला, फोटोसकट नाव छापून आलं, आमच्या ह्यांनी चार अंक जास्तीचे आणले. आणि वाचते तर काय, साहित्यात मसाल्याच्या खाली "साखर 1 चमचा". मी लिहिलेली नाही! वहीची झेरॉक्स आहे माझ्याकडं, पाहिजे तर पाठवते. तुमच्या टेबलावरच्या कुणालातरी वाटलं असेल, बाई विसरल्या, आपण घालू. दुपारपर्यंत कराडच्या नणंदेचा फोन, "वहिनी, पुण्याला राहायला गेलात का?" धाकट्या जाऊबाई तर अजून हळदीकुंकवाला भेटल्या की चारचौघीत विचारतात, ताई आमटीत साखर किती घालू म्हणून. हसतात सगळ्या, मी पण हसते, काय करणार. ज्या आत्याबाईंच्या हाताखाली मी ही आमटी शिकले त्या आज असत्या तर त्यांनी पेपर बंदच केला असता.

साखर का नको तेही सांगते, म्हणजे परत कुणी घालायला जाणार नाही. हा घेवडा मुळातच गोडसर असतो. रात्री भिजत घालायचा, सकाळी बोटानं दाबला की पिठासारखा होईल इतका मऊ शिजवायचा आणि शिजलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, चव सगळी त्यात असते. कांदा चुलीच्या आरावर नसेल तर गॅसवर सालासकट काळा होईपर्यंत भाजायचा, सुक्या खोबऱ्याचा तुकडा पण असाच, मग लसूण-कोथिंबीर घालून वाटायचं. तेल तापलं की वाटण, ते परतून तेल सुटलं की गॅस बारीक करून कांदा लसूण मसाला, मोठ्या आचेवर टाकला तर करपतो आणि सगळं घर खोकत बसतं. मग घेवडा आणि गरमच पाणी, गार ओतलं तर वर कट येत नाही. मीठ. झालं. ताटात ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि वरून आमटी, तोंडी लावायला कच्चा कांदा. मसाल्याचा तिखटपणा आणि घेवड्याचा गोडवा यांचं जे जमतं ते क्रीम घालून कुठं राहणार?

आणि मसाला म्हणजे तुमच्या पान तीनवर आलाय तसला "पाच मिनिटांत मिक्सरमध्ये" नाही. उन्हाळ्यात करतात तो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, कांदा उभा चिरून उन्हात वाळवून मग तेलात तळायचा, धणे, तीळ, खोबरं, गरम मसाले सगळं वेगवेगळं भाजायचं आणि डंकावर नेऊन कुटून आणायचं. डंकावर नंबर लावून बसलेल्या बायकांचे नाकाला लावलेले पदर लेखकांनी बघितले असते तर मिक्सरचं बटण आठवलं नसतं. घरी आल्यावर बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे. वर्षभर सगळ्या भाज्या त्याच्यावर चालतात. लेखात याला "स्थानिक लाल मसाला" म्हटलंय आणि पुढं गेलेत. एका ओळीत! कंदी पेढ्याला मात्र अर्धा कॉलम.

माझा राग लेखकांवर नाही, बिचाऱ्यांना हॉटेलवाल्यानं जे वाढलं ते त्यांनी लिहिलं. राग साखरेवर आहे. गेल्या वर्षी माझ्या नावावर घातलीत, यावर्षी अख्ख्या सातारच्या नावावर. तेव्हा कृपया "घेवड्याच्या आमटीत साखर नसते" एवढं एक वाक्य छापा, मोठ्या टायपात छापलं तर उत्तमच, कात्रण जाऊबाईंच्या फ्रीजवर लावायचंय.

अजून एक, विषय निघालाच आहे म्हणून. त्या स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीस स्टीलच्या डब्यांचा सेट होता, तो अजून मिळालेला नाही. तुमच्या सातारच्या ऑफिसात फोन केला की म्हणतात पुण्याहून येतं, पुण्याला केला की म्हणतात सातारला कधीच पाठवलंय. कुठं पडला असेल तर बघून कळवा, आमचे हे बाजाराच्या निमित्तानं सातारला येत असतात, येताना घेऊन येतील.

आपली,
एक वाचक (आणि उत्तेजनार्थ विजेती),
कोरेगाव, जि. सातारा